लिव्हिंग विल : सही कोणापुढे, प्रत कोणाकडे?

प्रश्न : आईचं वय ७८. तिला लिव्हिंग विल (बरं होण्याची आशा उरली नाही तर कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवणारा कागद) करायचं आहे. त्यावर मॅजिस्ट्रेटची सही लागते, असं वकील म्हणतात.

आता लागत नाही. ती अट मार्च २०१८च्या निकालात होती आणि तिच्यापायी कित्येकांचे कागद अडले. २४ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती काढली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करायची (साक्षीदार शक्यतो घरचे नकोत) आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकन घ्यायचं. स्टॅम्प पेपरची अट न्यायालयाने घातलेली नाही.

खरी चूक होते ती मजकुरात. ‘मला शांत मरण यावं’ एवढ्या वाक्यावर आयसीयूतला डॉक्टर काहीच ठरवू शकत नाही. बरं होण्याची आशा उरली नाही तर व्हेंटिलेटर, डायलिसिस, हृदय बंद पडल्यावर छाती दाबणं, नळीने अन्न, यांतलं काय नको ते एकेक लिहा. वेदनाशमन मात्र चालू ठेवावं, हेही लिहा. आईच्या वतीने निर्णय घेणारी माणसं एकाहून अधिक नेमा, त्यांतलं एक तरी त्याच गावात राहणारं हवं. एक प्रत फॅमिली डॉक्टरकडे, एक महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्या. मूळ कागद बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू नका. रात्री दोन वाजता तो कोण काढणार? मन बदललं, तर कधीही लेखी रद्द करता येतं.

प्रश्न : वेळ आली की रुग्णालय हा कागद मानेल का?

आई स्वतः निर्णय घेऊ शकत असेल, तर तिचाच शब्द चालतो. तशी स्थिती उरली नाही की कागद पुढे येतो. रुग्णालय आधी प्राथमिक मंडळ नेमतं : उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ. नंतर दुय्यम मंडळ, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर असतो आणि दोन तज्ज्ञ, पहिल्या मंडळाबाहेरचे. प्रत्येक मंडळाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. मग नेमलेल्या माणसांची संमती. उपचार काढण्याआधी मॅजिस्ट्रेटला कळवायचं असतं, परवानगीसाठी थांबायचं नसतं. मंडळाने नकार दिला, तर उच्च न्यायालयात जाता येतं.

प्रश्न : वडील व्हेंटिलेटरवर आहेत, त्यांनी काहीच लिहून ठेवलेलं नाही.

तरीही हाच मार्ग खुला आहे. त्यांच्या कागदाऐवजी जवळच्या नातेवाइकांची लेखी संमती लागते. भावंडांत मतभेद असतील तर सही करण्याआधी सगळ्यांनी मिळून डॉक्टरांशी बोला. एकाचा विरोध राहिला की रुग्णालय पाऊल मागे घेतं.

प्रश्न : परदेशात डॉक्टर मरणासाठी औषध देतात. आपल्याकडे का नाही?

अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये १९९७पासून तशी सोय आहे : सहा महिन्यांहून कमी आयुष्य उरलेला सज्ञान रुग्ण, दोन डॉक्टरांची खात्री, आणि औषध रुग्णाने स्वतः घ्यायचं. भारतात असं औषध देणं गुन्हा आहे; भारतीय न्याय संहितेच्या कलम १०८ खाली दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. आमच्या मते असा कायदा इथेही यावा, पण वेदनाशमन गावोगाव पोचल्यावर. वेदनेवर औषध मिळत नाही म्हणून कुणी मरण मागत असेल, तर त्याला निवड म्हणता येत नाही.

आणि मॉर्फिनला, म्हणजे तीव्र वेदनेवरच्या औषधाला, घाबरू नका. योग्य मात्रेत ते मरण जवळ आणत नाही. साधी गोळी दर चार तासांनी, वेळेवर द्यायची. कळ उठेपर्यंत वाट पाहू नये. बद्धकोष्ठता होतेच, म्हणून पहिल्या गोळीसोबतच रेचक सुरू करायला सांगा.