‘निर्विवाद’ की ‘निःसंदिग्ध’?

प्रश्न असा आहे: आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीच्या २०२१च्या अहवालात मानवी प्रभावामुळे पृथ्वी तापली हे ‘अनइक्विव्होकल’ आहे, असं म्हटलंय. मराठीत ‘निर्विवाद’ म्हणावं का?

मी तरी म्हणणार नाही. निर्विवाद म्हणजे ज्याबद्दल वाद नाही ते. इथे वाद आहेच, आणि तो मिटू नये असं वाटणारेही आहेत. अमेरिकेत २००२ साली फ्रँक लुंट्झ या प्रचारतज्ज्ञाने रिपब्लिकन पक्षाला लेखी सल्लाच दिला होता, की शास्त्रज्ञांची खात्री झालेली नाही हा मुद्दा लावून धरा. उद्या एखादा सिनेटर ‘मी घालतोय की वाद!’ म्हणत उभा राहिला, की आपला ‘निर्विवाद’ तिथेच आडवा.

मूळ शब्दाचा रोख लोकांच्या मतांवर नाही, विधानाच्या स्पष्टपणावर आहे. ‘इक्विव्होकल’ म्हणजे आपलं ‘नरो वा कुंजरो वा’. त्याच्या उलट ते निःसंदिग्ध. ‘संदिग्ध’मधला धातू दिह्, म्हणजे माखणे, लिंपणे. ‘संदेह’ त्यातलाच (आणि गंमत म्हणजे ‘देह’ही). वर काही लिंपलेलं नाही, खालचं सरळ दिसतंय, हा अर्थ इथे चपखल बसतो.

हा शब्द तिथवर पोचला कसा, तेही बघण्यासारखं आहे. आयपीसीसीच्या अहवालाच्या, धोरणकर्त्यांसाठी काढलेल्या सारांशातली ओळन् ओळ सगळ्या सरकारांच्या संमतीने पक्की होते. १९९५ साली माद्रिदला अशाच बैठकीत सौदी अरेबिया आणि कुवेतचे प्रतिनिधी एका विशेषणावर अडून बसले. मानवी प्रभाव ‘लक्षणीय’ म्हणायचा नाही! शेवटी आयपीसीसीचे अध्यक्ष बर्ट बोलिन यांनी सुचवलेल्या ‘डिसर्निबल’वर, म्हणजे ‘ओळखू येण्याजोगा’वर, तडजोड झाली. २००७च्या अहवालात ‘अनइक्विव्होकल’ आला, पण तापमान वाढतंय एवढ्यापुरताच. गेल्या अर्धशतकातली बरीचशी वाढ माणसामुळे, हे तेव्हा ‘व्हेरी लाइकली’ होतं. माणसाच्या वाट्याला तो शब्द यायला २०२१ उजाडलं.

जाता जाता, ‘व्हेरी लाइकली’चं भाषांतर नुसतं ‘शक्यता’ करू नका. ‘पावसाची शक्यता’ ऐकून छत्री घरी ठेवणारे आपण! आयपीसीसीच्या परिभाषेत त्याचा अर्थ ९० टक्के किंवा त्याहून जास्त. ‘दाट शक्यता’ लिहा आणि शेजारी आकडा द्या.