अकरा वर्षांची मुलगी सतत चिडते, कशालाही नावं ठेवते. काय करावं?
शाळेतून आल्या आल्या सुरू होणारी कुरकुर बहुतेकदा भूक आणि थकव्याची असते. दप्तर टेकायच्या आत 'आज काय शिकवलं?' विचारू नका. आधी गूळ-तूप-पोळी हातात द्या. मुलींमध्ये वयात येण्याचे बदल साधारण 8 ते 13 वर्षांत सुरू होतात, त्यामुळे सगळी चिडचिड मुद्दाम केलेली नसते. झोप मात्र 9 तासांखाली जाऊ देऊ नका. क्लासपायी नेमकी तीच कापली जाते. 'शी, परत दोडका!' म्हणाली तर उपदेश नको, 'बरं, नाही आवडत तुला' एवढंच म्हणा. उद्धट बोलली तर तिथेच, आवाज न चढवता थांबवा. दोन आठवडे सतत उदास राहिली, मैत्रिणींना टाळू लागली, जेवण कमी झालं, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवाच.