गावात सगळे आर्मीत, म्हणून तूही?

साताऱ्याकडचा आहेस म्हटल्यावर 'कुठल्या दलात जायचंय?' याला 'आर्मीच' हे उत्तर अपेक्षितच होतं. तुमच्या जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरीसारखं गाव आहे. पहिल्या महायुद्धात तिथले ४६ जवान कामी आले. लहानपणापासून मराठा लाइट इन्फंट्रीचे किस्से कानावर पडले की नेव्ही, एअर फोर्स डोक्यात येतच नाही. कोकणात उलट, तिथे बोटीवर असलेला कुणीतरी नात्यात निघतोच. यात गैर काही नाही. आजोबांच्या पलटणीचा अभिमान मुलाला पहाटे पळायला उठवतो, हे मी पाहिलंय. फक्त निवड तुझी आहे की पारावरच्या गप्पांची, एवढं तपास.

सध्या इतकंच बघ:

- बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र आहे का? बारावीच्या जोरावर नेव्हीच्या एसएसआरला (सीनियर सेकंडरी रिक्रूट, म्हणजे खलाशी भरती) जायचं तर दोन्ही लागतात. आर्मी जनरल ड्यूटीला दहावी चालते. इथेच बरेच जण फसतात: मित्रांसोबत आर्ट्स घेतात, जाहिरात नंतर वाचतात.
- नुसतं पळू नकोस. अग्निवीर भरतीत आर्मीची ऑनलाइन परीक्षा आधी, १.६ किलोमीटरची धाव नंतर.
- समुद्र जवळ नाही म्हणून नेव्ही सोडू नकोस. ओडिशातल्या आयएनएस चिल्का या नेव्हीच्या प्रशिक्षण केंद्रावर वाळवंटातली मुलंही येतात.

रेजिमेंट, ट्रेड हे नंतर बोलू. आधी डोळे तपासून घे, रंग ओळखण्याची चाचणीही कर.