घरांत वीज नसतानाही नवाहो लोकांनी वीजप्रकल्पाला विरोध का केला?

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील नवाहो या आदिवासी समाजाच्या ज्या वस्त्यांमधील हजारो घरांत अजून वीज पोहोचलेली नाही, तेथीलच लोकांनी आपल्या जमिनीवर येऊ घातलेला 'डेझर्ट रॉक' हा कोळशाचा वीजप्रकल्प का अडवला, असे आपण विचारले आहे. नोकरीनिमित्त मी काही वर्षे न्यू मेक्सिकोत राहत होते आणि त्या भागात माझे अनेकदा जाणे झाले, म्हणून लिहिते.

मुळात ती वीज त्यांच्यासाठी नव्हतीच. सिथ ग्लोबल ही खासगी कंपनी आणि नवाहो राष्ट्राची (म्हणजे या समाजाच्या स्वशासित प्रदेशाची) स्वतःची वीजसंस्था दिने पॉवर ऑथॉरिटी यांनी न्यू मेक्सिकोतील फार्मिंग्टन शहराच्या नैर्ऋत्येला, बर्नम या वस्तीजवळ योजलेल्या या १,५०० मेगावॉटच्या प्रकल्पाची वीज फिनिक्स आणि लास व्हेगास यांसारख्या शहरांना विकली जाणार होती. धूर, राख आणि खाणीचे खड्डे मात्र इथेच राहणार होते. शिवाय हा त्या परिसरातील पहिला प्रकल्प नव्हता. फार्मिंग्टनहून शिपरॉककडे जाताना सान हुआन नदीच्या एका बाजूला १९६३ पासून चालणाऱ्या फोर कॉर्नर्स या कोळशाच्या वीजकेंद्राची धुराडी दिसत आणि दुसऱ्या बाजूला १९७३ पासूनच्या सान हुआन केंद्राची. उच्चदाबाच्या तारा डोक्यावरून जात आहेत आणि खाली अंगणात लांबून पाणी भरून आणलेल्या पिंपांची पिकअप गाडी उभी आहे, असे घर मी स्वतः पाहिले आहे. त्या घरात दिवेलागणीला कंदील लागला होता.

दुसरे कारण जमिनीचे. तेथे कुटुंबांकडे पिढ्यान्‌पिढ्या चराईचे परवाने असतात, मेंढ्या बहुधा घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांच्या मालकीच्या असतात आणि बाळाची नाळ मेंढवाड्याजवळ पुरण्याची रीत आहे. नाळ पुरलेल्या जागेचा अर्थ मराठी माणसाला समजावून सांगावा लागू नये. डिसेंबर २००६ मध्ये जागेवर प्राथमिक कामे सुरू झाली, तेव्हा अशाच काही आजीबाई आणि त्यांचे नातलग ऐन थंडीत शेकोट्या पेटवून रस्त्यावर बसले. न्यायालयाच्या आदेशाने त्यांना वाटेतून हटावे लागले, तरी त्यांचा तळ पुढेही कायम राहिला. चळवळीच्या नावातच 'दोदा', म्हणजे त्यांच्या भाषेतील 'नाही', हा शब्द होता.

मात्र 'सगळे नवाहो विरोधात होते' असे कृपया समजू नये. नवाहो राष्ट्राचे तत्कालीन अध्यक्ष जो शर्ली (धाकटे) प्रकल्पाच्या ठाम बाजूने होते, कारण वर्षाला ५ कोटी डॉलरचे उत्पन्न आणि शेकडो नोकऱ्या अपेक्षित होत्या. बेरोजगारीने गांजलेल्या समाजात हा मुद्दा क्षुल्लक नाही आणि ज्यांनी तो मांडला त्यांना मी दोष देणार नाही. माझा आक्षेप एवढाच आहे की, ज्यांच्या चराईच्या रानात धुराडे उभे राहणार होते, त्यांची संमती कागदी सोपस्कार मानली गेली.

जुलै २००८ मध्ये अमेरिकी संघराज्याच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने हवेसंबंधीचा परवाना दिला. त्याविरुद्ध न्यू मेक्सिको राज्य आणि दिने केअर या नवाहो लोकांच्या पर्यावरण संघटनेसारख्या संघटनांनी अपील केले, पुढे संस्थेनेच तो फेरविचारासाठी परत मागितला आणि सप्टेंबर २००९ मध्ये अपील मंडळाने तशी परवानगी दिली. त्यानंतर प्रकल्प उभा राहिलाच नाही. सान हुआन केंद्रही २०२२ मध्ये बंद झाले; फोर कॉर्नर्सचे जुने तीन संच त्याआधीच थांबले होते.