तीन वाक्यं आणि एक स्क्रीनशॉट

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका धार्मिक संस्थेच्या ‘प्रार्थनेने मधुमेहमुक्ती’ शिबिराची जाहिरात आली. मी खाली लिहिलं : ‘प्रार्थनेने मधुमेह बरा होत नाही. ज्या देवाला इन्सुलिन कळत नाही, त्याच्या पायाशी कशाला बसायचं? विश्वस्त तर देणगीचे पैसे खातात.’ मधल्या वाक्याचा स्क्रीनशॉट बाहेर फिरला. भावना दुखावल्याचा अर्ज पोलीस ठाण्यात गेला आहे आणि ‘उद्या हजर राहा’ असा संदेश ठाण्यातून व्हॉट्सॲपवर आला आहे. मेसेज डिलीट करू का? लोक म्हणतात, माफीचा व्हिडिओ टाक म्हणजे मिटेल. अटक होईल का?

उत्तर : आज डिलीटही करू नका आणि व्हिडिओही टाकू नका. तुमच्या प्रकरणात सगळा खेळ हेतूचा आहे, आणि तुमचा हेतू काय होता हे तुमच्या मूळ संदेशाइतकंच तुमच्या पुढच्या चार दिवसांच्या वागण्यावरूनही ठरवलं जाईल.

संविधानाचं कलम १९(१)(क) बोलण्याचं स्वातंत्र्य देतं आणि १९(२) त्यावर कोणत्या कारणांसाठी बंधन घालता येईल ते सांगतं : देशाचं सार्वभौमत्व व एकात्मता, राज्याची सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता व नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी आणि गुन्ह्याला चिथावणी. ‘भावना दुखावणे’ हे या यादीत नाही, आणि या यादीत नवी भर घालता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२३ मध्ये सांगितलं आहे. त्रासदायक संदेशांबद्दलचं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ २०१५ मध्येच रद्द झालं. तुमच्याविरुद्धच्या अर्जात ते दिसलं तर आश्चर्य वाटून घेऊ नका. मेलेलं कलम अर्जांत अजून डोकावतं.

आता तुमची तीन वाक्यं एकेक घेऊ, कारण तिघांचं भवितव्य वेगळं आहे.

पहिलं वाक्य निर्धोक आहे. उलट १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने मधुमेहासारखे रोग चमत्काराने बरे करण्याच्या जाहिरातींवर बंदी घातली आहे. शिबिराची जाहिरात त्यात बसते का, हे तिच्या मजकुरावर ठरेल. म्हणून ती जाहिरात आधी जपून ठेवा. तुमचा रोख दाव्यावर होता, श्रद्धेवर नव्हता, हे दाखवणारा तुमच्याकडचा तो सगळ्यात चांगला कागद आहे.

दुसऱ्या वाक्यावर गदारोळ आहे. यासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम २९९ लावलं जातं, म्हणजे पूर्वीचं भारतीय दंड संहितेचं २९५अ. तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) आणि अजामीनपात्र (जामीन हक्काने मिळत नाही). पण कलमाचे शब्द वाचा : ‘हेतुपुरस्सर आणि दुष्ट उद्देशाने’. १९५७ मध्ये हे कलम वैध ठरवताना सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की अनवधानाने किंवा बेपर्वाईने झालेला अपमान यात येत नाही. कलम तरलं ते याच शब्दांच्या आधाराने. टोचून बोलणं आणि दुष्टपणे विटंबना करणं यांत अंतर आहे. तुमचं वाक्य उद्धट आहे, पण मधुमेहावरच्या खोट्या दाव्याला दिलेल्या उत्तराच्या मधोमध ते बसलं आहे. मागची-पुढची वाक्यं कापली की ते नुसती देवाची टवाळी वाटतं. स्क्रीनशॉट कापणाऱ्याने नेमकं तेच केलं आहे.

जोडीला कलम १९६ (जुनं १५३अ, गटागटांत वैर वाढवणे) लावण्याची पद्धत आहे. त्यासाठी किमान दोन समाजगट लागतात. १९९७ पासून हे स्पष्ट आहे. तुमच्या संदेशात दुसरा गट कुठेच नाही. एखाद्या वाक्याचा परिणाम कोणाच्या नजरेने मोजायचा, याचं माप १९४६ मध्ये नागपूर उच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी घालून दिलं : समंजस, खंबीर मनाच्या माणसाच्या नजरेने, प्रत्येक टीकेत धोका दिसणाऱ्याच्या नव्हे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकावर व्हॉट्सॲप स्टेटसवरून १५३अ खाली दाखल झालेला गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये रद्द केला, तेव्हाही हेच माप वापरलं.

अर्जात ३०२ दिसलं तर दचकू नका. नव्या संहितेत खुनाचं कलम १०३ आहे. ३०२ म्हणजे धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने समोर उच्चारलेले शब्द किंवा केलेले हावभाव. शिक्षा एक वर्षापर्यंत, अदखलपात्र. लिहिलेल्या संदेशाला ते नीटसं लागूही पडत नाही.

तुम्ही तिसऱ्या वाक्याबद्दल काहीच विचारलेलं नाही. मला खरी काळजी त्याची आहे. ‘विश्वस्त पैसे खातात’ हे मत नाही, तो वस्तुस्थितीचा आरोप आहे, आणि तोही मोजक्या, ओळखता येणाऱ्या माणसांवर. कलम ३५६, अब्रुनुकसानी : दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही, किंवा समाजसेवा. यात पोलीस थेट गुन्हा नोंदवत नाहीत. विश्वस्तांना स्वतः दंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करावी लागते आणि दखल घेण्याआधी तुमचं म्हणणं ऐकावं लागतं. त्यासाठी त्यांच्याकडे तीन वर्षं आहेत. नुकसानभरपाईच्या दिवाणी दाव्याला एक वर्ष. बचाव म्हणजे आरोप खरा आहे आणि तो लोकहितासाठी केला, हे दाखवणं. ते सिद्ध करण्याचं ओझं तुमच्यावर आहे. ‘सगळ्यांना माहीत आहे’ हा पुरावा होत नाही.

आता उद्याचं. व्हॉट्सॲपवर आलेला निरोप ही अटकेऐवजी हजर राहण्याची कायदेशीर नोटीस नव्हे. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (इथून पुढची कलमं, वेगळं सांगितलं नसेल तर, हिचीच) कलम ३५ ची नोटीस व्हॉट्सॲपवरून बजावता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये बजावलं. तरी निरोपाकडे दुर्लक्ष करू नका. गैरहजेरी अटकेचं कारण म्हणून कागदावर येते. ‘सहकार्यास तयार आहे, कृपया लेखी नोटीस व अर्जाची प्रत द्यावी’ असं दोन ओळींचं पत्र ठाण्यात द्या, आवक क्रमांक आणि शिक्क्यासह पोच घ्या. जाल तेव्हा वकिलाला सोबत घ्या.

ठाण्यात आधी विचारा, की गुन्हा नोंदला आहे की नुसती अर्ज चौकशी चालू आहे. तीन ते सात वर्षांच्या आतली शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत उपअधीक्षकांच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याची सोय कलम १७३(३) मध्ये आहे. बोलण्या-लिहिण्यावरच्या अशा तक्रारींत ती आधी करणंच योग्य, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये एका खासदाराने टाकलेल्या कवितेवरचा जामनगरचा गुन्हा रद्द करताना म्हटलं. तुमच्या पत्रात या कलमाचा उल्लेख करा. कधीकधी हातात कलम १६८ ची नोटीस पडते. जुन्या लोकांच्या तोंडी ती अजून ‘१४९ ची’ आहे. ती फक्त समज आहे. सही करताना ‘प्रत मिळाली, मजकूर मान्य नाही’ असं लिहा. कलम १२६ खाली शांतता राखण्याच्या बंधपत्राची, म्हणजे चॅप्टर केसची नोटीस आली तर मात्र ती वकिलाकडे न्या.

अटकेबद्दल : सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करता येत नाही, कारणं लिहावी लागतात. नोटीस पाळत राहिलात तर धोका कमी. पण २९९ अजामीनपात्र आहे आणि बाहेर जमाव असला की कागदावरचे नियम डगमगतात. म्हणून सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनाचा अर्ज (कलम ४८२) तयार ठेवा. त्यासाठी गुन्हा नोंदलेला असायलाच हवा असं नाही, अटकेची सार्थ भीती पुरते. गुन्हा नोंदलाच तर तो रद्द करण्यासाठी उच्च न्यायालयात कलम ५२८. शिवाय सरकारच्या पूर्वमंजुरीशिवाय १९६ आणि २९९ ची दखल न्यायालय घेऊ शकत नाही (कलम २१७). ही मंजुरी अटक थांबवत नाही, पण ती न घेता पाठवलेलं आरोपपत्र पुढे सरकत नाही.

संदेश लगेच पुसला तर ‘चूक कळली म्हणून पुरावा नष्ट केला’ असा रंग देता येतो, आणि तुमच्या बाजूचा संदर्भही पुसला जातो. आधी चॅट एक्स्पोर्ट करा. जाहिरात, तुमचा संदेश आणि खालच्या प्रतिक्रिया सलग दिसतील असे स्क्रीनशॉट घ्या. फोन फॉरमॅट करू नका, बदलू नका. न्यायालयात हे वापरायचं तर साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) चं, हॅश मूल्यासह (फाइल बदललेली नाही हे दाखवणाऱ्या संगणकीय खुणेसह) प्रमाणपत्र लागेल. ते मूळ फोनवरूनच निघतं. पोलिसांनी फोन घेतला तर पंचनाम्याची प्रत मागा आणि जप्तीचं चित्रीकरण (कलम १०५) झालं का, हे नोंदवून घ्या. हे सगळं झाल्यावर ॲडमिनने संदेश काढला तर हरकत नाही. ग्रुपचे ॲडमिन घाबरले असतील तर त्यांना सांगा, सदस्याच्या संदेशाबद्दल केवळ ॲडमिन म्हणून जबाबदार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे.

राहिला माफीचा व्हिडिओ. पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुराव्यात चालत नाही, पण लोकांपुढे कॅमेऱ्यात दिलेली कबुली चालू शकते. ‘मी देवाचा अपमान केला, मला माफ करा’ या वाक्याने तुम्ही हेतूच कबूल करता. धमकावून कोणी असा व्हिडिओ करून घेत असेल तर तो गुन्हा त्यांचा (न्याय संहितेचं कलम ३५१). खेद मात्र जरूर व्यक्त करा, लेखी, त्याच ग्रुपवर : ‘मधुमेहाच्या उपचाराबद्दलच्या दाव्यावर मी टीका केली. कोणाच्या श्रद्धेचा अवमान करण्याचा हेतू नव्हता व नाही. माझ्या संदेशाचा अर्धाच भाग फिरतो आहे. माझ्या शब्दांनी कोणाला वाईट वाटलं असल्यास खेद आहे.’ एवढंच. त्याखाली वाद घालत बसू नका, विनोद करू नका, इमोजीही नको.

विश्वस्तांबद्दलचं वाक्य या खेदात मिसळू नका. धर्मादाय कार्यालयात त्या संस्थेची हिशोबपत्रकं आणि लेखापरीक्षण अहवाल पाहण्यासाठी, नकला घेण्यासाठी अर्ज करा. त्यात गफलत दिसली तर तिथेच लेखी तक्रार द्या आणि ग्रुपवर त्या विषयावर एक शब्दही लिहू नका. काही सापडलं नाही, तर ‘विश्वस्तांबद्दलचं विधान माझ्याकडे आधार नसताना केलं होतं, ते मी मागे घेतो’ असं वेगळं, नावानिशी पत्र वकिलाकडून तपासून त्यांना पाठवा, विश्वस्त न्यायालयात जाण्याच्या आत.