मुलगी वर्कशॉपला गेली तर मिस्त्रीच होणार का?

दहावीचा निकाल लागला की मुलांच्या पुढच्या शिक्षणाचा सल्ला विचारायला माझ्याकडे येणाऱ्या पालकांपैकी बऱ्याच जणांचं सांगणं एकच असतं. "मॅडम, हाताला वळण चांगलं आहे, पण अभ्यासात लक्ष नाही. दिवसभर काहीतरी जोडत, तोडत बसतो. आयटीआय, डिप्लोमा, ते डिझाइन का काय म्हणतात, असल्या कोर्सला घातलं तर शेवटी मिस्त्रीच होऊन बसणार ना?" बेळगाव, खानापूर, निपाणी, सगळीकडून हाच प्रश्न येतो. मुलाबद्दल असला तर तो काळजीने विचारला जातो. मुलीबद्दल असला तर नकार आधीच ठरलेला असतो आणि मी त्यावर फक्त शिक्का मारावा अशी अपेक्षा असते.

अशाच एका मुलीची ही गोष्ट. घरच्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

तालुक्याच्या पश्चिम भागातली मुलगी. मराठी माध्यमातून एसएसएलसी, म्हणजे कर्नाटकातली दहावी, टक्के सत्तरच्या आसपास, गणित जेमतेम. वडील बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, मोल्डर, वाळूचे साचे करणारे. त्यांनी ठरवून टाकलं होतं: पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्स, मग कॉम्प्युटर. मुलगी म्हणत होती, मला वस्तू बनवायचं शिकायचंय. त्यावरून घरात पंधरवडाभर अबोला.

वडील माझ्यासमोर बसले आणि पहिल्यांदा स्वतःचे हातच दाखवले. "मी जन्मभर वाळूत काम केलो, मॅडम. भट्टीपुढं उभा राहिलो. कंबर गेली. पोरगीला शिकवून परत तिथंच पाठवू काय? एसीत बसून काम करू दे की ओ."

या माणसाला 'तुमचे विचार जुने आहेत' असं सांगणं मला कधीच जमणार नाही. कारखान्याची धग त्याने अंगावर घेतलेली आहे. ती मुलीच्या वाट्याला येऊ नये असं वाटणं ही माया आहे. अशा वेळी पालकांच्या भीतीशी वाद घालू नये, ती नेमकी कशाची आहे ते आधी नीट ऐकून घ्यावं. त्यांची भीती वर्कशॉपची नव्हतीच. मुलीचं शरीर झिजेल आणि तिला कुणी मान देणार नाही, याची होती.

मग मी मुलीला म्हटलं, तू बनवलेली एखादी वस्तू घेऊन ये. अभिरुची चाचणी, गुणपत्रक हे सगळं मी पाहतेच, पण हाताने काम करणाऱ्या मुलांच्या बाबतीत त्यांनी केलेली वस्तू जितकं सांगते तितकं कोणतीच चाचणी सांगत नाही.

पुढच्या वेळी तिने पिशवीतून लाकडाच्या दोन मुठी काढल्या. तिची आत्या काजू फोडण्याच्या कारखान्यात कामाला जाते. या भागात असे छोटे कारखाने बरेच आहेत. पायाने पेडल दाबायचं, दोन पात्यांमध्ये काजूची बी धरली जाते, मग हाताने लोखंडी दांडा ओढून टरफल उकलायचं. दिवसभर तेच. टरफलातला चीक कातडीला लागला की भाजतो, म्हणून बायका हाताला तेल किंवा राख लावून बसतात. आत्याच्या तळव्याला दांड्याने फोड यायचे. मुलीने फणसाच्या लाकडाची मूठ कोरून त्या दांड्यावर बसवली होती.

पहिली मूठ गुळगुळीत, दिसायला सुंदर. दुसरी ओबडधोबड, एका बाजूला खाच, वर अंगठ्यापुरता खळगा. मी विचारलं, "दुसरी का केलीस?"

"तेलाच्या हातानं पहिली सटकत होती. म्हणून सायकलची ट्यूब गुंडाळली, तर चिकानं ती फुगून सुटली. मग खाच पाडली. आत्या अंगठा वरून दाबते, बाकीच्या बाजूनं धरतात. तिच्या शेजारच्या मावशींना ही चालत नाही, त्या डावखुऱ्या आहेत. त्यांच्यासाठी उलटी करायला पाहिजे. आणि त्यांचा पाय पेडलला नीट पोचत नाही, त्यांना खाली पाट पाहिजे."

ती सलग बोलत होती. वडील ऐकत होते. बहिणीच्या हाताचे फोड त्यांनीही पाहिले होते, पण मुलीने त्यावर एवढा विचार केलाय हे त्यांना माहीतच नव्हतं.

हाताने काही करणारी मुलं सगळी एकाच वाटेची नसतात, हे मला पालकांना फार कळकळीने सांगावंसं वाटतं. समोर वस्तू आली की मूल तिला काय विचारतं ते बघा. काही मुलं विचारतात, ही चालते कशी? पंखा उघडतील, मोटर उघडतील. त्यांना मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, मेकाट्रॉनिक्स मानवतं. काहींना, ही बनवली कशी, याचं कुतूहल. सांधा कुठे आहे, माप इतकं तंतोतंत कसं आलं? ही टूल अँड डाय मेकिंगची, म्हणजे साचे आणि अवजारं बनवण्याची, प्रिसिजनच्या कामाची मुलं. आणि काही विचारतात, ही कुणासाठी आहे, त्याला त्रास कुठे होतो? ही डिझाइनची मुलं. चित्रकला उत्तम असली तरच डिझाइन, हा समज चुकीचा आहे. या मुलीला कागदावर साधी बादली धड काढता येत नव्हती. प्रश्न मात्र तिसऱ्या प्रकारचे, आणि दुसऱ्या प्रकारचेही बरेच.

"डिझाइन म्हणजे कपड्यांचं काय?" वडिलांनी विचारलंच. मी त्यांना लोट्याचं उदाहरण दिलं. १९५८ मध्ये चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर दांपत्याने भारत सरकारला एक अहवाल दिला. त्यात त्यांनी आपल्या साध्या लोट्याचं तोंडभर कौतुक केलं होतं. त्यात किती पाणी मावावं, तो डोक्यावर, कमरेवर, हातात कसा धरला जाईल, ओतताना तोल कसा राहील, असा विचार पिढ्यान्‌पिढ्या होत तो आकार आला आहे. त्या अहवालानंतर १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था, म्हणजे एनआयडी, उभी राहिली. पुढे १९६९ मध्ये मुंबईच्या आयआयटीत औद्योगिक डिझाइनचं केंद्र सुरू झालं. म्हणजे मूठ सटकते का, पाय पोचतो का, याचंच हे शिक्षण आहे, चार वर्षांच्या बी.डेस. (बॅचलर ऑफ डिझाइन) पदवीचं.

मग लगेच डिझाइनलाच का नाही घातलं? इथे मला बराच विचार करावा लागला. आयआयटीतल्या बी.डेस.साठी यूसीईईडी ही प्रवेश परीक्षा आणि एनआयडीसाठी तिची स्वतःची परीक्षा, दोन्हींना बारावी कोणत्याही शाखेची चालते. सायन्सच हवं असं नाही, आणि हे आपल्याकडच्या कित्येक शाळांतून मुलांना कुणी सांगतच नाही. पण जागा मोजक्या, स्पर्धा देशभरातली. मराठी माध्यमातून नुकती बाहेर पडलेली मुलगी दोन वर्षं फक्त त्या परीक्षेच्या भरवशावर राहिली आणि जागा मिळाली नाही, तर हातात काय? घरी पैशाची ऊब असती तर मी कदाचित तोच धोका पत्करायला सांगितलं असतं. खाजगी डिझाइन कॉलेजं भरपूर निघालीत, पण त्यांची फी या घराला झेपणारी नव्हती. ज्यांना झेपते त्यांनीही पैसे भरण्याआधी एवढं विचारावंच: मिळणारी पदवी बी.डेस. आहे का, ती कोणत्या विद्यापीठाची, आणि ते विद्यापीठ यूजीसीमान्य आहे का. नुसत्या चकचकीत सर्टिफिकेटवर पुढचं दार उघडत नाही.

दुसरीकडे डिप्लोमा. दहावीनंतर थेट प्रवेश, हातात कसब, आणि दारं उघडी. कर्नाटकात डिप्लोमानंतर डीसीईटी ही प्रवेश परीक्षा देऊन इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. तीन वर्षांचा मान्यताप्राप्त डिप्लोमा यूसीईईडीसाठीही पात्र धरला जातो. इंजिनिअर झाल्यावर डिझाइनकडे वळायचं असेल तर सीईईडी ही प्रवेश परीक्षा देऊन एम.डेस., म्हणजे डिझाइनची पदव्युत्तर पदवी, आहेच. आयटीआय झालेल्या मुलांनाही डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, म्हणजे तीही वाट तिथे संपत नाही. वडिलांना सगळ्यात जास्त धीर या माहितीने आला. त्यांच्या मनात डिप्लोमा म्हणजे भिंत होती.

तरी नुसत्या बोलण्याने त्यांचं समाधान होणार नव्हतं. मी म्हटलं, जीटीटीसी बघून येऊ. गव्हर्न्मेंट टूल रूम अँड ट्रेनिंग सेंटर ही कर्नाटक सरकारची संस्था. १९७२ मध्ये डेन्मार्कच्या मदतीने बेंगळुरूत सुरू झाली, आता राज्यभर केंद्रं आहेत, बेळगावातही आहे. टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमा तीन वर्षांचा, वर एक वर्ष प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण.

ती सकाळ मला चांगली आठवते. वायरकट मशीनवर केसासारखी बारीक पितळी तार ठिणग्यांनी पोलाद कापत होती, पाण्याखाली, जवळजवळ आवाज न करता. बाजूला दोन मुली मायक्रोमीटर घेऊन माप तपासत होत्या. वडील तिथे फार थांबले नाहीत. ते थांबले टेबलावरच्या एका साच्यापाशी. त्याच्या आतल्या भिंतीवरून त्यांनी अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला.

"ड्राफ्ट दिलाय," ते म्हणाले.

तिथल्या शिक्षकांनी मान डोलावली. मला कळेना, तेव्हा वडिलांनीच समजावलं. पॅटर्नच्या, म्हणजे वाळूत ठसा उमटवायच्या नमुन्याच्या, बाजू अगदी सरळ ठेवल्या तर वाळूतून तो वर काढताना कडा मोडतात. म्हणून बाजूंना किंचित उतार द्यायचा, त्याला ड्राफ्ट म्हणतात. ओतीव लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न थोडा मोठा करायचा. एवढं सगळं ते भराभर सांगत गेले आणि मग म्हणाले, "आम्ही हातानं ओळखतो हे. हिथं डिग्रीत, मिलिमीटरात लिहून ठेवल्यात. पॅटर्न असा मिळाला तर आमचं निम्मं फेटलिंग वाचतंय." फेटलिंग म्हणजे ओतलेल्या भागाच्या कडा घासून साफ करणं.

परतताना तिसऱ्या रेल्वे गेटाशी थांबलो होतो तेव्हा त्यांनी मुलीला विचारलं, "गणित जमंल काय तुला?" अबोला तिथे सुटला.

गणिताची काळजी खरी होती. हाताचं काम आहे म्हणजे गणित नको, या भ्रमात कुणी राहू नये. पहिल्याच वर्षी त्रिकोणमिती समोर येते आणि टूलरूममध्ये कोन मोजायला ती रोज लागते. आम्ही प्रवेशाआधीच्या सुट्टीत फक्त दोन गोष्टी धरल्या: दशांश अपूर्णांक आणि साइन-कॉस. गावातल्याच एका निवृत्त शिक्षकांनी शिकवलं. इंग्रजीचं ओझं वेगळं. मराठी माध्यमाच्या मुलांना पहिलं सेमिस्टर जड जातंच. तिला मी इंजिनिअरिंग ड्रॉइंगवर जोर द्यायला सांगितलं, कारण तिथे भाषा कमी आणि नजर जास्त लागते. समोरून, वरून, बाजूने वस्तू कशी दिसते ते मांडायचं असतं. जिला बादलीचं चित्र जमत नव्हतं तिच्या शीट्स वर्गात दाखवल्या गेल्या. एका विषयात यश आलं की बाकीच्यांची भीती ओसरते, हा माझा नेहमीचा अनुभव आहे. कन्नडचंही सांगितलं. उद्यमबागेत मशीनवर मराठी, कन्नड, हिंदी तिन्ही एका वाक्यात चालतात. चांगलं कन्नड येणाऱ्या मुलीला सुपरवायझर होताना त्याचा उपयोगच होईल.

आईचा प्रश्न शेवटी आला, हळू आवाजात: रात्रपाळी, आणि लग्नाचं. तिला मी खोटा दिलासा दिला नाही. काही कारखान्यांत मुलींना अजून सहज घेत नाहीत, हे खरं आहे. पण कॅड (संगणकावर आराखडा काढणं), डाय डिझाइन, क्वालिटी तपासणी या कामांना मुली दिसू लागल्यात, आणि हत्तरगीच्या, विमानाचे भाग बनवणाऱ्या औद्योगिक क्षेत्रापासून बेळगावजवळच्या मच्छेपर्यंत अचूक मापाची कामं वाढली आहेत. नोकरीच्या मुलाखतीला गेल्यावर पाळी, वाहतूक, मुलींसाठीची सोय हे उघडपणे विचारायचं, लाजायचं नाही. लग्नाबद्दल आत्याच बोलली. ती म्हणाली, "माझ्या हाताला मलम लावणारी पोरगी आहे, तिला कोण नाही म्हणंल?"

याच वाटेवर असलेल्यांसाठी दोन-तीन कामाच्या गोष्टी. तांत्रिक शिक्षणाला मान्यता देणाऱ्या एआयसीटीईची प्रगती शिष्यवृत्ती तांत्रिक डिप्लोमा आणि पदवीच्या मुलींसाठी आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत मिळते, वर्षाला ५०,००० रुपये. संस्था एआयसीटीईमान्य असली पाहिजे. कोल्हापूरकडे जायचा विचार असेल तर महाराष्ट्राच्या तांत्रिक प्रवेशात सीमाभागातून दहावी किंवा बारावी झालेल्या, मातृभाषा मराठी असलेल्या विद्यार्थ्यांसाठी वेगळी तरतूद आहे. शाळा सीमाभागात असल्याचा आणि मातृभाषेचा असे दाखले लागतात. ते निकालाच्या आधीच शाळेतून मागून ठेवा आणि त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचा, कारण नमुने बदलतात. आणि डिझाइनच्या परीक्षा हिवाळ्यात होतात, अर्ज त्याआधी भरावे लागतात. बारावीचा निकाल हातात घेऊन मे महिन्यात माझ्याकडे येणाऱ्या मुलांचं ते वर्ष गेलेलं असतं. पीयूसीच्या पहिल्या वर्षातच या.

मुलगी आता डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दुसऱ्या सेमिस्टरला गणित राहिलं होतं, पुढच्या वेळी निघालं. डावखुऱ्या मावशींची मूठ तिने कॅडवर उलटवून ॲल्युमिनियमची केली. ती उन्हात तापते म्हणून मावशी वापरत नाहीत, आणि ती पुन्हा लाकडाकडे आली आहे. सध्या घरात नवा वाद आहे: वडिलांना वाटतं डीसीईटी देऊन इंजिनिअर व्हावं, तिला यूसीईईडी द्यायची आहे. पुढच्या आठवड्यात दोघं येणार आहेत. येताना तीन वर्षांची वर्कशॉपची वही आणि सगळ्या मुठी घेऊन ये, असं मी तिला सांगितलंय.