भाषा कळत नाही असं परदेशी संगीत ऐकायला सुरुवात कुठून करावी? आणि आपल्याला आवडलेलं घरच्यांच्या गळी कसं उतरवावं?

देश धरून शोधू नका, वादक धरून शोधा. यूट्यूबवर नुसतं ‘आफ्रिकन म्युझिक’ टाकलंत तर समोर ढीग येतो आणि त्यातलं काय ऐकावं हे सांगायला कुणी नसतं. त्यापेक्षा आधीपासून आवडणारा एक कलाकार घ्या आणि तो कुणाकुणाबरोबर वाजवतो ते बघत जा.

माझी वाट विश्वमोहन भट्टांच्या मोहनवीणेपासून, म्हणजे त्यांनी गिटारवरून घडवलेल्या वाद्यापासून निघाली. अमेरिकन गिटारवादक राय कूडरबरोबरचा त्यांचा ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ हा अल्बम १९९३ मध्ये आला आणि त्याला ग्रॅमीही मिळालं. पुढच्याच वर्षी कूडरनं पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशाच्या अली फार्का तूरेबरोबर ‘टॉकिंग टिंबक्टू’ केला. हा अली नायजर नदीकाठच्या नियाफुंकेचा, स्वतःला आधी शेतकरी म्हणवणारा, पुढे तिथला नगराध्यक्षही झालेला. त्याची गिटार ऐकून लोकांना ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत आठवतं. त्याचं म्हणणं, ब्लूजचं मूळच आमच्याकडं आहे. अलीचा ‘इन द हार्ट ऑफ द मून’ (२००५) लावला आणि तिथं तुमानी जाबाते भेटला. मी अजून तिथंच अडकलोय.

तुमानी (तो २०२४ मध्ये गेला) वाजवायचा ते कोरा. अर्ध्या मोठ्या भोपळ्यावर गाईचं कातडं ताणलेलं, त्यातून वर गेलेला लाकडी दांडा आणि २१ तारा. वाजवायचं फक्त दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या यांनी. अंगठे खालचा ठेका फिरवत ठेवतात, तर्जन्या वर मोकळ्या खेळतात. त्याचा १९८८चा ‘काइरा’ हा अल्बम एकट्या कोऱ्याचा आहे, त्यात दुसरं वाद्य नाही आणि वरून चढवलेले ट्रॅकही नाहीत. तरी पहिल्यांदा ऐकताना दोघंतिघं वाजवताहेत असंच वाटतं. कोऱ्याच्या तारा लावायच्या पद्धती ठरलेल्या असतात. त्यातल्या ‘सौता’मध्ये मध्यम चढा असतो, म्हणजे आपला कल्याण थाट ऐकलेल्या कानाला घरातलंच कुणीतरी भेटल्यासारखं होतं. कोरा वाजवणारे बहुतेक जेली घराण्यांतले. वंशावळी आणि राजांच्या कथा गाऊन सांभाळणं हे त्यांचं पिढीजात काम, आपल्याकडच्या भाटांसारखं. जाबाते, कुयाते, सिसोको ही आडनावं अल्बमवर दिसली की मी बिनदिक्कत लावतो.

कूडरचाच आणखी एक धागा हवानाला जातो. १९९६ मध्ये मालीचे वादक क्यूबाला येऊन तिथल्या लोकांबरोबर वाजवणार होते. ते पोचू शकले नाहीत, म्हणून तिथल्याच जुन्या मंडळींना गोळा केलं आणि त्यातून ‘बुएना व्हिस्टा सोशल क्लब’ हा अल्बम झाला. तो बेत फिसकटला ते बरंच झालं म्हणायचं!

आता घरच्यांचं. फॅमिली ग्रुपवर लिंक टाकू नका. अंगठा येतो, ऐकत कुणी नाही. आधी माहितीही सांगू नका. आई मेथी निवडत बसली होती तेव्हा मी काही न बोलता कोरा लावला. थोड्या वेळानं तिनंच विचारलं, “स्वरमंडल कोण वाजवतंय रे एवढं छान?” मग माली, भोपळा, सगळं सांगितलं, आणि तेही तिनं विचारलं तेवढंच. बाबांना मात्र अजून नाट्यसंगीतापलीकडं काही चालत नाही. चालायचंच.

एका वेळी एकच तुकडा द्या, आणि शक्यतो गाणं नको, नुसतं वादन द्या. शब्द आले की माणसं अर्थ विचारत बसतात आणि कान बाजूला राहतो. बदल्यात त्यांच्याकडूनही मागा. ऑफिसातल्या तमिळ मैत्रिणीला मी ‘काइरा’ दिला, तिनं मला नादस्वरम्, म्हणजे दक्षिणेकडचं सनईसारखं वाद्य, लावून दिलं. लग्नाच्या मांडवाबाहेर, नीट बसून ते मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं.

गिटारची आवड असेल तर ‘टॉकिंग टिंबक्टू’पासून सुरू करा, संतूर-सतार आवडत असेल तर थेट ‘काइरा’. हेडफोन लावून, कारण अंगठ्यांचे खर्जातले स्वर मोबाइलच्या स्पीकरवर ऐकूच येत नाहीत.